मनीचे पथ्यपाणी

धार आणि देवासच्या मराठी घरांना मांजर नवे नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवारांचा अंमल माळव्यात बसला. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, मानकरी आले, वाडे उभे राहिले, वाड्यांत धान्याच्या कोठ्या भरल्या आणि कोठ्यांत उंदीर झाले. उंदरांमागून मांजर आपसूक आले. त्याला कोणी मुद्दाम पाळले असे म्हणणेही कठीण आहे. सकाळी दूध तापले की वाटीत थोडे दूध, दुपारी पानातला उरलेला तुकडा दुधात कुस्करून, आणि बाकीचे पोट त्याचे त्याने भरायचे. ते भरतही असे. म्हणूनच दूधपोळीवर मांजर चांगले पोसते, अशी आपली पिढ्यान् पिढ्या समजूत झाली. त्याचे खरे पोषण कोठीतले उंदीर, छपरावरची पाखरे आणि परसातले सरडे करत होते. श्रेय मात्र दूधपोळीला गेले.

आता वाडे थोडे उरले. देवासच्या कॉलन्यांत, धारच्या नव्या वस्तीत, पीथमपूरला नोकरी करणाऱ्यांच्या फ्लॅटमध्ये मांजर दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहते. त्याची नसबंदी झालेली असते, लसी टोचलेल्या असतात. गाडीखाली येण्याचे, कुत्र्यांच्या तावडीत सापडण्याचे भय उरलेले नाही. असे मांजर बारा, चौदा, कधी सतरा वर्षे जगते. ही फार चांगली गोष्ट आहे, आणि तिच्याबरोबर म्हातारपणाचे आजार येतात: मूत्रपिंडे थकतात, साखर वाढते, थायरॉइड बिघडते. उंदीर कधीच गेले, दूधपोळी राहिली.

या पुस्तकाचा विषय अशा आजारी मांजराचे खाणे हा आहे. घरातल्या माणसाला मधुमेह झाला की त्याच्या पानातले पदार्थ बदलतात आणि सगळे घर त्याच्या पथ्यावर नजर ठेवते. मांजराच्या बाबतीत औषध डॉक्टरांचे आणि वाटी आपली, अशी वाटणी आपण मनात करून ठेवली आहे. ती मोडावी यासाठी हे लिहिले. वाटीत काय पडते हा उपचाराचाच भाग आहे, म्हणून ते रोगाचे निदान झाल्यावरच ठरवावे. आणि एकदा ठरले की ते मांजराच्या पोटात खरोखर जाते आहे ना, हे रोज बघावे. पुढच्या सगळ्या प्रकरणांत मी या दोनच गोष्टींचा आग्रह धरला आहे.

आधी मांजराच्या शरीराची घडण समजून घ्यावी लागते, नाहीतर पथ्य म्हणजे नुसती मनाई वाटते. मांजर निव्वळ मांसाहारी आहे. ही त्याची आवड नाही, देहाची गरज आहे. गाजरातल्या रंगद्रव्यापासून आपण 'अ' जीवनसत्त्व तयार करतो. मांजराला ते येत नाही, त्याला ते तयारच मिळावे लागते. आर्जिनिन नावाचे अमिनो आम्ल एका जेवणात अजिबात नसले, तरी काही तासांत त्याच्या रक्तात अमोनिया साठून ते गंभीर आजारी पडते. टॉरिनची कथा तर प्रत्येक मांजरप्रेमीला ठाऊक असावी. १९७५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले की, दुधातल्या केसिनवर वाढवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचे पडदे टॉरिनच्या अभावी झिजतात. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील पशुवैद्यक पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, हृदय फुगून निकामी होत चाललेल्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरिन अगदी कमी आहे. ही मांजरे बाजारातले तयार खाद्य खाणारी होती. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदये सुधारली. त्यानंतर उत्पादकांनी खाद्यातले टॉरिन वाढवले आणि तो हृदयविकार पाहता पाहता दुर्मीळ झाला. पाकिटावर 'संपूर्ण आहार' असे छापलेले असले तरी शास्त्र पुढे सरकते आणि पाकीट दुरुस्त करावे लागते, हेही यातून कळते. म्हणून या पुस्तकात मी कुठल्याही एका कंपनीची भलामण केलेली नाही.

इथे आपल्या घरांतला एक नाजूक प्रश्न येतो. धार-देवासच्या कितीतरी ब्राह्मण घरांत स्वयंपाकघराला लागून देवघर आहे आणि त्या ओट्यावर अंडेसुद्धा चढलेले नाही. अशा घरातली आजी विचारते, "दहीभात, तूपपोळी, पनीर दिले तर नाही का चालणार?" त्या प्रश्नात मांजरावरची माया असते आणि आपल्या नेमाची काळजीही. दोन्हींचा मान राखून मला सांगावे लागते की, नाही चालणार. आपला नेम आपण जरूर पाळावा. तो मांजरावर लादला तर त्याची किंमत त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला मोजावी लागते. ओट्यावर मांस शिजवायला नको असेल तर तयार खाद्याचा मार्ग खुला आहे. त्याची वाटी, चमचा आणि जागा वेगळी ठेवून पुष्कळ घरांनी हा प्रश्न समजुतीने सोडवलेला मी पाहिला आहे.

मराठा घरांत अडचण वेगळीच असते. तिथे मांजराला मटणाचा वाटा मिळतो, पण रश्शातला. त्या रश्शात कांदा आणि लसूण भरपूर असतात आणि दोन्ही मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. भाजलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, कसाही असला तरी कांदा अपाय करतोच. आपल्या माळव्यात लसणाची शेव घरोघर असते, तिचाही तुकडा नको. शिजलेली हाडे फुटून घशात किंवा आतड्यात रुततात. मांजराला द्यायचे तर मीठ-मसाल्याआधी बाजूला काढलेले, हाडाशिवायचे मांस द्यावे. आणि ज्या पाण्यात ते शिजले ते पाणीही त्यालाच द्यावे, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरते.

आजारानुसार आहार ही कल्पना मुळात एका कुत्र्यामुळे आकाराला आली. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये मार्क मॉरिस नावाचे पशुवैद्यक होते. मॉरिस फ्रँक हे दृष्टिहीन गृहस्थ, अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या चळवळीचे प्रवर्तक, १९३९च्या सुमारास आपले बडी नावाचे कुत्रे घेऊन त्यांच्याकडे आले. त्याची मूत्रपिंडे निकामी होत होती. मार्क मॉरिस यांनी त्याच्यासाठी खास आहार ठरवला आणि ते सावरले. मग तो आहार मॉरिस दांपत्य घरीच तयार करू लागले, आधी काचेच्या बरण्यांत भरून. वाटेत बरण्या फुटत, म्हणून पुढे पत्र्याचे डबे आले. १९४८मध्ये कॅन्सस राज्यातल्या टोपीका येथील हिल पॅकिंग कंपनीशी करार झाला आणि हे अन्न कारखान्यात तयार होऊ लागले. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचा तो आहार पुढे 'के/डी' नावाने जगभर गेला. फ्रान्समध्ये १९६८ साली जाँ कॅथारी या पशुवैद्यकाने रॉयल कॅनिनची सुरुवात केली, तीही कुत्र्यांच्या त्वचारोगासाठी खास खाद्य बनवून. दोन्ही ठिकाणी आरंभ दवाखान्यात झाला, दुकान नंतर आले. हा क्रम विसरू नये.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारावरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, कारण म्हाताऱ्या मांजरांत तो सर्वांत जास्त दिसतो आणि आहाराचा पुरावाही तिथेच सर्वांत भक्कम आहे. मनी पाणी जास्त पिऊ लागते, लघवी जास्त करते, अंगाने उतरते, केस निस्तेज होतात. घरात म्हणतात, वय झाले. पण रक्त-लघवी तपासली तर क्रिएटिनिन वाढलेले सापडते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे ते दर डेसिलिटरला १.६ ते २.८ मिलिग्रॅम असेल तर दुसरा टप्पा, ५ पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. दुसऱ्या टप्प्यापासून आहार बदलण्याचा विचार करावा. या आहारात फॉस्फरस कमी असतो, हे त्याचे मर्म. थकलेल्या मूत्रपिंडाला फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साचतो आणि मूत्रपिंड आणखी बिघडवतो. प्रथिने बेताची पण उत्तम प्रतीची असतात, सोडियम मर्यादित असते, ओमेगा-३ मेदाम्ले घातलेली असतात.

याचा लाभ किती? लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजमध्ये झालेला आणि २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. ज्या मांजरांनी हा आहार घेतला ती निदानानंतर मध्यकाने ६३३ दिवस जगली, ज्यांनी घेतला नाही ती २६४ दिवस. वाचकांनी एक लक्षात ठेवावे. दुसऱ्या गटातली मांजरे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. त्यांनी किंवा त्यांच्या माणसांनी तो आहार नाकारला होता. म्हणून मी २००६ सालचा मिनेसोटा विद्यापीठाचा अभ्यास अधिक मोलाचा मानतो. तिथे ४५ मांजरे दोन गटांत वाटून दोन वर्षे पाहिली गेली. साधे खाद्य खाणाऱ्या गटातल्या सुमारे चौथाई मांजरांना रक्तात विषारी द्रव्ये साचण्याचा झटका आला. मूत्रपिंडाचा आहार घेणाऱ्यांत एकालाही नाही. रोजच्या गोळ्यांपैकी फार थोड्या असा आकडा दाखवू शकतात.

पण हा आहार मांजर खाईल तेव्हा. मांजर ज्या दिवशी मळमळीने हैराण आहे त्याच दिवशी नवे अन्न पुढे केले, तर ते त्या वासाची मळमळीशी गाठ घालते आणि पुढे कधी त्याला तोंड लावत नाही. आधी मळमळ थांबवावी, अंगातले पाणी भरून काढावे, मनी जुने खाणे खाऊ लागू द्यावी. मग जुन्यात नवे चमचाभर मिसळावे. निरोगी मांजराला बदलासाठी आठवडा-दहा दिवस पुरतात, मूत्रपिंडाच्या रुग्णाला तीन-चार आठवडेही लागतात. एवढा धीर धरायचा असतो. आणि इतके करूनही ती खातच नसेल तर? मग तिला जे रुचते ते द्यावे, आणि फॉस्फरस बांधणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यात घालावे. उपाशी मांजराचे पथ्य साधले असे म्हणता येत नाही.

हा मुद्दा मी वारंवार मांडतो याला कारण आहे. लंघन ही आपल्या घरची जुनी चिकित्सा. पोट बिघडले, ताप आला की एक दिवस काही देऊ नका, असे वडीलधारे सांगतात आणि माणसाला त्याने बरेही वाटते. मांजराला हे करू नये. मांजर, त्यातही लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिले की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे धावते, यकृतात भरते आणि ते काम करीनासे होते. कान, हिरड्या पिवळ्या पडतात. अशा मांजराला नळीतून खाऊ घालून वाचवता येते, पण कित्येक आठवडे लागतात. रुसली असेल, उन्हाने खात नसेल, असे म्हणत घरात वाट पाहिली जाते. एक दिवस पूर्ण उपास घडला तर दुसऱ्या दिवशी फोन करावा, तिसऱ्याची वाट पाहू नये.

मूत्रमार्गाच्या विकारांत आहाराची ताकद आणि त्याची मर्यादा, दोन्ही दिसतात. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, थोड्या पाण्यावर निभावणारे आणि घट्ट लघवी करणारे. भक्ष्याच्या अंगातले पाणीच त्यांना बरेचसे पुरत असे. आज त्याच देहाला आपण कोरडे दाणे देतो, ज्यांत दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते. डब्यातल्या ओल्या खाद्यात ते तीन चतुर्थांशाहून अधिक असते. मे महिन्यातल्या माळव्यात कोरडे दाणे खाणारे, चोवीस तास घरात असलेले, वजन वाढलेले बोके मूत्रमार्गाच्या त्रासाने आणले जातात. देवासला पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. १९९०च्या टंचाईत इथे रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावे लागले होते. त्या गावातल्या माणसांना मी सांगतो की, मांजरासाठी घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाची भांडी ठेवा, पाणी रोज बदला आणि शक्य तितके ओले खाणे द्या. बोअरच्या जड पाण्यानेच खडे होतात का, असे पुष्कळजण विचारतात. मांजर पाणी किती कमी पिते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

खड्यांचे दोन मुख्य प्रकार. स्ट्रुव्हाइटचे खडे लघवी आम्ल करणाऱ्या, मॅग्नेशियम-फॉस्फरस बेताचे असलेल्या आहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतात. सुरीची गरज पडत नाही. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे कुठल्याच आहाराने विरघळत नाहीत. मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून प्राण्यांचे खडे तपासण्याचे केंद्र चालते. त्याच्या नोंदींत आरंभी स्ट्रुव्हाइट फार होते. मग उत्पादकांनी खाद्यातले मॅग्नेशियम घटवले, लघवी अधिक आम्ल केली. स्ट्रुव्हाइट कमी झाले आणि ऑक्झॅलेट वाढत जाऊन पुढे निघून गेले. एका खड्यावरचा उपाय दुसऱ्याला वाव देऊ शकतो. शेजारच्या बोक्याला लागू पडलेले पाकीट आपल्या बोक्याला स्वतःच्या मनाने देऊ नये, हे मी कळकळीने सांगतो ते यासाठी.

आणि एक प्रसंग असा आहे जिथे आहाराचा विचारसुद्धा करू नये. बोका वारंवार मातीत बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंब पडत नाही. घरच्यांना वाटते पोट साफ होत नाही, म्हणून इसबगोल किंवा एरंडेल पाजले जाते. त्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असतो. रक्तातले पोटॅशियम चढत जाते, हृदय थांबते, आणि हे दोन दिवसांच्या आत घडू शकते. अशा वेळी रात्र असो की सण, दवाखाना गाठावा.

मधुमेहाचे प्रकरण त्या मानाने आशेचे आहे. लठ्ठ, नसबंदी झालेल्या, उतारवयाच्या बोक्यांत तो जास्त आढळतो. पोळी, भात, बिस्किटे, दुधातली साखर हे सगळे त्याच्या वाटीतून काढून प्रथिने जास्त आणि पिष्ट फार कमी असे खाणे दिले आणि इन्शुलिन वेळेवर सुरू झाले, तर काही मांजरांची इन्शुलिनची गरज संपूनही जाते. इथे एक धोका आहे. इन्शुलिन चालू असताना डॉक्टरांना न सांगता पिष्ट कमी केले, तर तोच डोस जास्त ठरतो आणि मांजर साखर उतरून बेशुद्ध पडते. आहार बदलण्याच्या दिवशी डोसाबद्दल बोलणे झालेच पाहिजे. थायरॉइडसाठी आयोडीन अतिशय कमी असलेला आहार निघाला आहे. तो चालतो, पण बाहेरचा एक घासही त्याचे काम बिघडवतो. अ‍ॅलर्जीच्या चाचणीलाही तीच कडक शिस्त लागते.

या शिस्तीचा विषय निघाला की घराबाहेरच्या मायेचा विचार करावा लागतो. आपल्याकडे मांजर एकट्या घराचे नसते. शेजारच्या काकू गॅलरीतून दूध ठेवतात, खालचा दुकानदार पाव देतो, सुट्टीला इंदूरहून आलेली नातवंडे चोरून चीज भरवतात. यातले कोणीही वाईट नाही. त्यांना रागावून काही साधत नाही. मनीला काय झाले आहे हे एकदा नीट समजावून सांगितले की बहुतेकजण स्वतःहून थांबतात, आणि काकूंच्या हातात मनीच्याच पथ्याचे चार दाणे दिले की त्यांचाही मान राहतो. घरात दुसरे निरोगी पिल्लू असेल तर वाट्या वेगळ्या, वेळा ठरलेल्या. वाढत्या पिल्लाला मूत्रपिंडाचा आहार अपुरा पडतो.

सोयींबद्दल प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. धार-देवासच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गायी-म्हशींचा भार मोठा आहे, आणि शेतीच्या मुलखात तो असणारच. मांजराची बारीक तपासणी हवी तर बहुधा इंदूर गाठावे लागते. महूचे पशुवैद्यक महाविद्यालय १९५५ पासून इथल्या कित्येक पिढ्यांचे डॉक्टर घडवत आले आहे, आणि धारहून ते दूर नाही. आजारावरचे खाद्य आता घरपोच मिळते, पुष्कळदा चिठ्ठीशिवाय. ही सोय मला काळजीत टाकते. मूत्रपिंडाचे आणि मूत्रमार्गाचे पाकीट दिसायला जवळजवळ सारखे असते, काम मात्र निरनिराळे: लघवी आम्ल करणारे खाद्य मूत्रपिंड थकलेल्या मनीला अपाय करू शकते. दोन्ही आजार एकत्र असतील तर निवड डॉक्टरांचीच. उन्हाळ्यात उघडे पाकीट गच्चीच्या खोलीत ठेवले तर त्यातली चरबी खवट होते. मूळ पिशवीचे तोंड घट्ट बांधून थंड जागी ठेवावे.

ही खाद्ये महाग आहेत, आणि ज्यांना ती परवडत नाहीत त्यांना मांजरावर प्रेम नाही असे कोणी म्हणू नये. त्यांच्यासाठी घरी शिजवण्याचे प्रकरण लिहिले आहे. ते लिहिताना मी फार जपून पावले टाकली, कारण नुसते उकडलेले चिकन म्हणजे फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. तेच रोज दिले तर थकलेल्या मूत्रपिंडावर भार आणि हाडांची झीज, दोन्ही. पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या घरगुती कृती तपासल्या गेल्या तेव्हा बहुतेकींत काही ना काही आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून या पुस्तकात कृतींचे आयते तक्ते नाहीत. कुठले घटक मोजून घालावे लागतात, त्यांची नावे आणि कारणे आहेत. प्रमाण मात्र तुमच्या मांजराचे अहवाल पाहून डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.

शेवटच्या प्रकरणानंतर कोरी पाने जोडली आहेत. त्यांवर तारीख, मनीने किती ग्रॅम खाल्ले, किती पाणी प्यायली, उलटी झाली का आणि दर आठवड्याचे वजन लिहावे. वजनासाठी वेगळा काटा नको. मांजराला कडेवर घेऊन एकदा आणि एकट्याने एकदा काट्यावर उभे राहिले की वजाबाकीने अंदाज मिळतो, जरी थोडा ढोबळ. लहान बाळाचा काटा मिळाला तर उत्तमच. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम कमी होणे म्हणजे अंगाचा विसावा हिस्सा गेला. डॉक्टरांकडे जाताना ही पाने आणि रिकामे पाकीट बरोबर न्यावे.